अनवाणी पायांची नोंद घेणारे दोराबजी टाटा

१९१९च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याने मैदानी खेळांच्या स्पर्धा भरवल्या. त्यातले मुख्य आकर्षण होते लांब पल्ल्याची शर्यत. अंतर सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. धावायला उतरलेले तरुण शेतावर राबणारे होते. रोजचे जेवण बेताचे, शिकवायला कोणी नाही आणि पायांत काही नाही. खडी दाबलेल्या टणक रस्त्यावरून आणि धुळीच्या वाटेवरून ते अनवाणी धावले. शेवटचा टप्पा त्यांनी ओबडधोबड गवताच्या मैदानावर पार केला. जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या साठीच्या एका उद्योगपतीने त्यांच्या वेळा पाहिल्या आणि परदेशी धावपटूंच्या वेळांशेजारी ठेवून बघितल्या. त्या तोडीस तोड वाटत होत्या. त्या उद्योगपतीचे नाव सर दोराबजी टाटा.

४० किलोमीटर म्हणजे किती, याचा अंदाज आपल्या रस्त्यावरून घेता येईल. देवळाली प्रवराहून निघायचे, राहुरी फॅक्टरी, राहुरी आणि कृषी विद्यापीठ मागे टाकायचे, विळद घाटातून अहिल्यानगर गाठायचे. अंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरते. मोटारीने तासाभराचा हा रस्ता बिनवहाणेचा, एका दमात धावून काढायचा. त्या शेतकरी तरुणांनी असेच काहीतरी केले होते. ते पाहणारे बरेच होते. त्या वेळांचे पुढे काय करायचे, हा विचार मात्र दोराबजींनी केला. भारताच्या ऑलिम्पिक इतिहासाची सुरुवात तिथून होते.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी आणि हिराबाई यांचे ते थोरले चिरंजीव. मुंबईतील शाळेनंतर १८७५मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले आणि दोन वर्षांनी ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तिथे अभ्यासापेक्षा मैदानावर त्यांचे नाव अधिक झाले. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, नौकानयन, धावणे, सगळ्यांत त्यांनी भाग घेतला. घोडेस्वारी तर इतकी पक्की, की मुंबईहून निघून पुण्याजवळच्या खडकीपर्यंतचा प्रवास त्यांनी घोड्यावरून नऊ तासांत केल्याचे सांगितले जाते. १८७९मध्ये ते परतले, सेंट झेवियर्समधून १८८२ साली पदवीधर झाले, काही काळ एका इंग्रजी वृत्तपत्रात काम केले आणि १८८४मध्ये वडिलांच्या कापड व्यवसायात शिरले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही त्यांनी उमेदवारी केली.

नागपूरशी त्यांच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग जोडलेला आहे आणि त्यातून त्यांच्या स्वभावाची नेमकी ओळख होते. जमशेटजींना देशात पोलाद कारखाना उभारायचा होता. त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी भूगर्भतज्ज्ञांबरोबर चांदा जिल्ह्याचे रान तुडवत होते. बैलगाडीचा प्रवास, पाण्याची टंचाई आणि हाती काहीच नाही. लोहखनिज सापडे ते विखुरलेले, कारखाना चालेल इतके नसे. मोहीम गुंडाळायची, असे सांगण्यासाठी ते नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. ज्या अधिकाऱ्याला भेटायचे होते तो जागेवर नव्हता. वेळ घालवण्यासाठी दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूस्तर दाखवणारा एक रंगीत नकाशा लावलेला होता आणि दुर्ग जिल्ह्याच्या जागी लोहखनिजाची खूण म्हणून गडद रंग होता. नकाशा कित्येकांनी पाहिला असेल. दोराबजींनी तो वाचला आणि शोध पुन्हा सुरू झाला. पुढे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे कारखान्यासाठीचे खनिज मयूरभंज संस्थानात मिळाले, पण थांबलेली पावले पुन्हा चालू लागली ती त्या नकाशामुळे.

१९०४ साली जमशेटजी गेले. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञान संशोधन संस्था ही त्यांची तिन्ही स्वप्ने तेव्हा कागदावर होती. दोराबजींनी धाकटे बंधू रतनजी आणि इतर सहकाऱ्यांच्या मदतीने ती उभी केली. १९०७ साली पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली तिथून पहिले पोलाद बाहेर पडले. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९मध्ये स्थापन झाली. सह्याद्रीतले पावसाचे पाणी अडवून खोपोलीत वीज तयार होऊ लागली. १९१०मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

इतक्या कामांच्या धबडग्यातही खेळ सुटला नव्हता. १९०६मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते या आवडीमुळेच. तिथे काय पाहिले, हे त्यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात तपशिलाने नोंदवले आहे. शंभर यार्डांच्या प्राथमिक फेऱ्या चक्क वळणावरून घेण्याचा बेत होता, कारण मैदान लहान होते. धावपटूंच्या रांगा वेगळ्या करणाऱ्या दोऱ्या नव्हत्या आणि जमीन सपाट केलेली नव्हती. युरोपातले नियम तिथे कोणाला ठाऊक नव्हते. धावणे म्हणजे धावणे, त्यात वळण काय आणि सरळ काय, असा साधा हिशेब होता.

दोराबजींना मात्र कळत होते, की वेगाचा आकडा परिस्थितीपासून तोडून वाचता येत नाही. यामागचे विज्ञान सोपे आहे. वळणावर धावताना शरीर बाहेर फेकले जाऊ नये म्हणून पायांना आतल्या बाजूनेही जोर लावावा लागतो, त्यामुळे वेग घटतो. ओबडधोबड, मऊ गवतावर पाऊल रुतते, जमिनीकडून परत मिळणारा रेटा कमी होतो आणि त्याच वेगासाठी जास्त शक्ती खर्च होते. ३५-३८ किलोमीटर पळून झाल्यावर अशा जमिनीवर यायचे, म्हणजे दमलेल्या स्नायूंवर आणखी बोजा. इतके असूनही त्या तरुणांच्या वेळा नावाजलेल्या धावपटूंच्या जवळपास जात असतील, तर त्यांना नीट रस्ता, नीट आहार आणि नीट सराव मिळाल्यावर काय होईल, हा दोराबजींचा प्रश्न होता.

त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे विषय काढला. १९२०च्या ऑलिम्पिकसाठी भारताचा संघ पाठवावा, त्यासाठी ब्रिटिश ऑलिम्पिक समितीची मदत मिळवावी, असा प्रस्ताव पुढे आला. समिती नेमली गेली, वर्गणी गोळा झाली आणि तीन धावपटूंचा खर्च दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला. संघ सहा खेळाडूंचा ठरला. मैदानी खेळांसाठी पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीसाठी नवले आणि रणधीर शिंदे. नावे पाहिली तर मराठी मुलुखाचा त्यातला वाटा लगेच ध्यानात येतो. मॅरेथॉन धावायची होती बेळगावच्या चौगुल्यांना आणि दातारांना. स्पर्धेपूर्वी संघाला सरावासाठी इंग्लंडला नेण्यात आले.

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प शहरात मॅरेथॉन झाली. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमायनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत ती जिंकली. एस्टोनियाचा युरी लॉसमन अवघ्या तेरा सेकंदांनी मागे राहिला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कुस्तीत शिंदे चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

एकोणिसावा क्रमांक आज कोणाला फारसा भव्य वाटणार नाही. पण हा आकडाही परिस्थितीसह वाचायला हवा. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिम्पिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. चौगुल्यांची वेळ त्या अंतराने भागली, तर प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटे पडतात. त्याच गतीने ते आजच्या ४२.१९५ किलोमीटरवर धावले असते, तर वेळ दोन मिनिटांहून अधिक कमी, म्हणजे २ तास ४८ मिनिटांच्या आसपास भरली असती. रोज पहाटे धावणाऱ्या कोणालाही विचारले, तर चार मिनिटांत एक किलोमीटर आणि तसे ओळीने बेचाळीस, याचा अर्थ काय हे तो सांगेल. जगभरात आज हौशी धावपटूला मॅरेथॉनसाठी सरासरी साडेचार तासांच्या आसपास लागतात. चौगुले त्याहून तब्बल शंभर मिनिटे वेगवान होते आणि तेही शतकापूर्वी.

मॅरेथॉनचे अंतरच तेव्हा पक्के झालेले नव्हते. १८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ते ४० किलोमीटरच्या आसपास होते. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू होऊन स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांसमोर संपली आणि त्यातून ४२.१९५ हा आकडा आला. जागतिक मैदानी खेळ महासंघाने तो प्रमाण म्हणून स्वीकारला १९२१मध्ये, म्हणजे चौगुले धावल्यानंतर एका वर्षाने. त्याआधीच्या वेळा एकमेकींशी सरळ ताडून पाहणे म्हणजे एकाने पायलीने मोजलेले धान्य दुसऱ्याच्या किलोशी ताडण्यासारखे आहे.

शरीराच्या बाजूने पाहिले तर ही शर्यत म्हणजे इंधनाचा हिशेब आहे. धावताना माणूस दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. ६० किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठवलेल्या शर्करेतून, म्हणजे ग्लायकोजेनमधून, मिळतात दोन हजारांच्या आसपास. बाकीची भर चरबीतून पडते, पण चरबी हळू जळते. म्हणून ३० किलोमीटर ओलांडल्यावर अनेकांचे पाय शिशाचे होतात. शेतात दिवसभर चालणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या तरुणाचे हृदय आणि पायांचे स्नायू दमदार झालेले असतात, त्यामुळे त्याची चरबी वापरण्याची क्षमताही चांगली असते. पण पोटभर न जेवलेल्या माणसाचा शर्करेचा साठा मुळातच अपुरा असतो. पुण्याच्या शर्यतीतल्या तरुणांचे खाणे हलाखीचे होते, ही नोंद दोराबजींनी मुद्दाम केली. आहाराकडे दुर्लक्ष करून दम वाढत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

त्या काळी धावपटूंना काय द्यावे, याबद्दलची समज किती कच्ची होती ते १९०४च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये दिसले. धुळीच्या, तापलेल्या रस्त्यावर पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. विजेत्या टॉमस हिक्सला वाटेत ब्रँडी, अंड्याचा पांढरा बलक आणि स्ट्रिक्निन हे विष थोड्या प्रमाणात उत्तेजक म्हणून देण्यात आले. तो कसाबसा शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचला. आज ठरावीक अंतरावर पाणी, क्षार आणि वैद्यकीय पथक असते. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेत २०१० ते २०२३ या काळात पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉन पूर्ण केलेल्या सुमारे २ कोटी ९० लाख धावपटूंची पाहणी झाली. त्यांच्यापैकी १७६ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान बंद पडले, म्हणजे लाखामागे एकापेक्षाही कमी. हृदय बंद पडण्याचे प्रमाण त्याआधीच्या दशकाइतकेच राहिले, मृत्यूचे मात्र निम्म्यावर आले. छातीवर दाब देणारे आणि विजेचा झटका देऊन हृदय सुरू करणारे लोक वेळेवर पोहोचू लागले, हे त्यामागचे मोठे कारण. चाळिशीनंतर नव्याने धावायला लागणाऱ्याने, विशेषतः घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरकडून तपासून घ्यावे. छातीत दुखले, भोवळ आली तर शर्यत सोडून द्यावी. शर्यत अर्धवट सोडण्यात कमीपणा नाही. दातारांचे नावही भारताच्या पहिल्या संघात तितक्याच मानाने घेतले जाते.

अँटवर्पहून संघ पदकाविना परतला. दोराबजींनी त्यावरून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. पुण्या-मुंबईच्या वर्गणीतून सहा जण पाठवणे हा एक प्रयोग होता. देशात खेळाडू किती आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांची वेळ कधी मोजलीच गेली नाही, अशा लोकांपर्यंत पोहोचायला हवे होते. १९२०मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले. वायएमसीए संस्थेचे शारीरिक शिक्षणतज्ज्ञ डॉ. नोएरेन आणि मद्रासचे हॅरी बक यांच्या मदतीने प्रांतोप्रांती ऑलिम्पिक संघटना उभ्या राहू लागल्या. १९२४च्या सुरुवातीला दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा झाल्या आणि तिथून पॅरिस ऑलिम्पिकसाठी खेळाडू निवडले गेले. पॅरिसला महादेव सिंग मॅरेथॉन धावले. १९२७मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्या वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमला भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

मॅरेथॉनच्या आकडेवारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. सर्वांत वेगवान कोण, ही एक. आणि धावणारे किती, ही दुसरी. पहिल्या गोष्टीत जग कुठल्या कुठे गेले. १९६०मध्ये रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. ऑक्टोबर २०२३मध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने शिकागोत २ तास ३५ सेकंदांची नोंद केली. भारतात शिवनाथ सिंग यांनी १९७८मध्ये जालंधरला नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ कोणाला मोडता आली नाही. इतक्या मोठ्या देशात एक विक्रम इतका टिकतो, तेव्हा त्यात शिवनाथ सिंग यांचे मोठेपण आहे, तशीच नव्या धावपटूंच्या घडणीतली उणीवही आहे.

दुसरी गोष्ट जास्त वेगाने बदलली. न्यूयॉर्कच्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये १९७० साली १२७ जण धावले आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. स्त्री एकच होती आणि प्रकृती बिघडल्याने तिला थांबावे लागले. त्याच शहरात २०२४मध्ये ५५ हजारांहून अधिक लोकांनी शर्यत पूर्ण केली आणि त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी मॅरेथॉन आली ती थेट १९८४मध्ये. आपल्याकडे पुण्यात १९८३पासून आणि मुंबईत २००४पासून मॅरेथॉन होते. साताऱ्याची ललिता बाबर, नाशिकची कविता राऊत अशी नावे लांब पल्ल्याच्या धावण्यातूनच पुढे आली. धावणाऱ्यांची संख्या वाढली तशी सरासरी वेळ मंदावली. ते घसरणीचे लक्षण मानू नये. पूर्वी निवडक तयारीचे लोक धावत, आता पन्नाशीतले शिक्षक आणि घर सांभाळणाऱ्या गृहिणीही धावतात, म्हणून सरासरी खाली येते. लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने ही मंद सरासरी विक्रमापेक्षा मोलाची आहे.

दोराबजींच्या घरातही मैदानाचे वेड दोघांना होते. त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेले होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि त्यांनी अनेक स्पर्धा गाजवल्या. १९२४मध्ये पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा कामगारांचे पगार भागवण्यासाठी दोराबजींनी आपली संपत्ती तारण ठेवली. त्यात मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. कंपनी तरली.

१८ जून १९३१ रोजी मेहेरबाईंचे वेल्समधील एका रुग्णालयात ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, निधन झाले. तेव्हा या आजारावर औषध नव्हते आणि त्याचे कारणही नीट उमगलेले नव्हते. दोराबजींनी एप्रिल १९३२मध्ये पत्नीच्या नावाने विश्वस्त निधी उभारला. उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगात कुठेही होणाऱ्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी आणि उरलेला भारतातील रोगनिवारणाच्या कामासाठी, अशी त्याची विभागणी होती. स्वतःची जवळजवळ सगळी मालमत्ता, मेहेरबाईंच्या दागिन्यांसह, त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला देऊन टाकली. त्यांना मूलबाळ नव्हते.

त्यानंतर ते पत्नीच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी युरोपला निघाले. मेहेरबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाला पंधरा दिवस उरले असताना, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. वय ७२ होते. लंडनजवळच्या ब्रुकवुड स्मशानभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांना विसावा मिळाला. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. महाराष्ट्राच्या गावागावांतून कर्करोगाचे रुग्ण आजही तिथे जातात. आणि ऑलिम्पिकच्या अधिकृत निकालपत्रात १९२०च्या मॅरेथॉनसमोर एकोणिसाव्या जागी चौगुल्यांची वेळ आजही वाचायला मिळते. पुण्याच्या मैदानावर त्यांच्याआधी जे अनवाणी धावले, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची दखल उरली ती दोराबजींच्या त्या एका पत्रात.